मार्चअखेर आणि झुहाईची संध्याकाळ

सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचं हॉल तिकीट, रक्ताचा रिपोर्ट, पासबुकातल्या फिकट नोंदी. हा सगळा ऐवज कार्ट्रिजमधल्या ज्या पुडीनं किंवा रिबिनीनं कागदावर उमटतो, ती पुष्कळदा दक्षिण चीनमधल्या एका समुद्रकाठच्या शहरातून आलेली असते. शहराचं नाव झुहाई. पर्ल नदी समुद्राला मिळते तिथे पश्चिमेच्या काठावर, मकावला अगदी खेटून. प्रिंटर कंपनीचं मूळ कार्ट्रिज महाग पडतं म्हणून त्याच मापाचं, दुसऱ्या कुणी बनवलेलं जे स्वस्त कार्ट्रिज आपण घेतो, त्याला आमच्या धंद्यात ‘कॉम्पॅटिबल’ म्हणतात. या धंद्यातला माणूस मुंबईचा असो की दुबईचा, कधी ना कधी त्याची झुहाईला फेरी होतेच.

करोनाच्या आधीची काही वर्षं मीही जात होते. मुंबईतल्या एका आयातदाराकडे मी क्वालिटी बघायचे. ऑफिस लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या इमारतीत, गोदाम भिवंडीला. कारखान्यात तयार झालेला माल कंटेनरमध्ये चढण्याआधी तपासायचा आणि एक तर सोडायचा, नाही तर अडवायचा, एवढं माझं काम. शेठ म्हणायचे, “मॅडम, तुमची मजा आहे. समुद्रावर फिरायचा पगार घेता.” झुहाईत पाय ठेवल्यावर पुरवठादार, हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी, टॅक्सीवाला, सगळे एकच सांगायचे की आमचं शहर निवांत आहे, शेनझेनसारखं नाही. इतक्या जणांनी इतक्या एकमुखानं सांगितलेली गोष्ट उघडून बघायची सवय मला या कामानंच लावली होती.

निवांतपणा खोटा नव्हता. हाँगकाँगच्या विमानतळावर उतरून बोटीनं गेलं काय किंवा २०१८च्या ऑक्टोबरनंतर नव्या पुलावरच्या बसनं गेलं काय, झुहाईत शिरल्या शिरल्या कानाला फरक कळायचा. हॉर्न जवळजवळ ऐकूच यायचे नाहीत. समुद्राच्या कडेकडेनं जाणारा ‘छिंगलू लू’ नावाचा लांबलचक रस्ता, त्याला रुंद फुटपाथ आणि घनदाट झाडं. त्याच रस्त्यावर खडकावर उभी असलेली, दोन्ही हातांनी मोती डोक्यावर धरलेली ग्रॅनाइटची कोळीण. पान ह या शिल्पकारानं १९८२ मध्ये घडवलेला हा ८.७ मीटर उंचीचा पुतळा म्हणजे शहराची ओळख. थोडं पुढे येली बेटावर दोन प्रचंड शिंपले उभे केल्यासारखं ऑपेरा हाउस, २०१७ मध्ये उघडलेलं. अंधार पडला की चौकाचौकांत स्पीकर लावून साठीच्या बायका रांगेत नाचायच्या, कठड्यापाशी पुरुष गळ टाकून बसायचे, शाळकरी पोरं स्केटिंग करायची. रात्री अकराला मी एकटी त्या रस्त्यानं हॉटेलवर चालत यायचे आणि मागे वळून पाहावंसं वाटायचं नाही. एकट्या बाईला एखादं शहर निवांत वाटण्याची पहिली अट तीच असते.

जेवणातही घाई नव्हती. वानझायच्या मासळी बाजारात खाली पाण्याच्या टाक्यांमधून जिवंत मासा, शिंपल्या, कोळंबी निवडायची, वजन करून घ्यायची आणि शेजारच्या हॉटेलात नेऊन शिजवून घ्यायची. माझं माहेर गुहागरचं. आमच्याकडे तिरफळ, कोकम आणि ओलं खोबरं मिळून जे काम करतात, ते तिथे आल्याचे चार काप आणि वरून ओतलेलं कडकडीत तेल करून टाकतं. मासा काही मिनिटं वाफेवर, की झालं. शिजवायला वेळ लागत नाही, पण खायला दोन तास. टेबलावर बसल्यावर आधी गरम चहानं वाट्या-काड्या विसळायच्या, कुणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानायचे, हे सगळं मी तिथेच शिकले.

या शांततेला इतिहास आहे आणि तो काही फार निवांत नाही. १९८० मध्ये चीननं आपले दरवाजे किलकिले केले तेव्हा चार विशेष आर्थिक क्षेत्रं ठरली: शेनझेन, झुहाई, शान्तौ आणि श्यामेन. शेनझेनच्या दाराशी हाँगकाँग होतं, झुहाईच्या दाराशी मकाव. हाँगकाँगकडे पैसा, बंदर आणि जागेसाठी हपापलेले कारखानदार होते. मकावकडे होते कॅसिनो. २०२०च्या जनगणनेत शेनझेनची वस्ती पावणेदोन कोटींच्या घरात होती आणि झुहाईची सुमारे २४ लाख. झुहाईला मोठं व्हायचंच नव्हतं असं मात्र नाही. शहरानं हिमतीनं चार हजार मीटर धावपट्टीचा विमानतळ बांधला. १९९५ मध्ये तो सुरू झाला, पण आंतरराष्ट्रीय उड्डाणांची परवानगी मिळाली नाही. आजूबाजूला हाँगकाँग, मकाव, शेनझेन, ग्वांगझौ असे विमानतळ असताना प्रवासीही मिळाले नाहीत आणि कर्ज मात्र डोक्यावर राहिलं. त्या मोकळ्या धावपट्टीचा उपयोग म्हणून १९९६ पासून तिथे विमानांचं प्रदर्शन भरायला लागलं, ते आज चीनमधला सर्वांत गाजलेला एअर शो झालं आहे. रेल्वे शहराच्या टोकाला, गोंगबेईला पोचायला २०१२ संपत आलं. समुद्रावरून हाँगकाँगला जोडणाऱ्या पुलाची चर्चा १९८०च्या दशकातली, तो प्रत्यक्ष खुला झाला २०१८ मध्ये. ५५ किलोमीटर लांबी, मध्येच ६.७ किलोमीटर समुद्राखालचा बोगदा, आणि एवढं करून मी जात होते तेव्हा खासगी गाड्यांना त्यावर खास परवान्याशिवाय जाता येत नसे, त्यामुळे पुलावरही फारशी गर्दी नसायची.

म्हणजे ही शांतता काही अंशी चुकलेल्या गाड्यांमधून आलेली आहे, आणि काही अंशी ठरवून राखलेली. तेल, रसायनं, अवजड उद्योग यांना शहरानं पश्चिमेला, गाओलान बंदराच्या बाजूला जागा दिली. पूर्वेचा किनारा झाडांसाठी, पुतळ्यासाठी आणि फिरणाऱ्यांसाठी राहिला. कार्ट्रिजचा धंदा इथे मुळावला त्यालाही हे पोषकच झालं. या धंद्याला धुराडं लागत नाही. साचे लागतात, बारीक हातकाम लागतं, चिप लागते, आणि एकमेकांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने तासाभराच्या अंतरात लागतात. रिबिनीपासून सुरू झालेल्या या वस्तीतली एक कंपनी २०१६ मध्ये भागीदारांसह लेक्समार्क ही नावाजलेली अमेरिकन प्रिंटर कंपनीच विकत घेऊन बसली. कॉम्पॅटिबल बनवणाऱ्यांनी मूळ माल बनवणाऱ्याला घ्यावं, याची चर्चा त्या वर्षी आमच्या लॅमिंग्टन रोडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती.

आमचा कारखाना नानपिंग भागात होता. समुद्रापासून टॅक्सीनं फार लांब नाही, पण तिथे ना समुद्राचा वारा, ना झाडांचा बोगदा. चार-पाच मजली फरशीच्या इमारती, खाली मालाचे ट्रक, वर खिडक्यांना वाळत घातलेले कपडे. या नानपिंगमध्ये १८२८ मध्ये युंग विंग नावाचा मुलगा जन्मला. मकावच्या मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला, १८४७ मध्ये अमेरिकेला गेला आणि १८५४ मध्ये येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. अमेरिकेतल्या विद्यापीठाची पदवी घेणारा तो पहिला चिनी मानला जातो. पुढे त्याच्याच खटपटीनं १८७२ पासून १२० चिनी मुलगे शिकायला अमेरिकेत धाडले गेले. त्यातला याच परिसरातला थांग शाओयी १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला. दीडशे वर्षांपूर्वी नानपिंगमधून माणसं बाहेर जात होती. मी पाहिलं तेव्हा नानपिंगमध्ये माणसं आतल्या मुलखातून येत होती, हुनान, ग्वांगशी, ग्वीचौ, सिचुआनहून. कारखान्यात जवळजवळ कुणीही मूळचं झुहाईचं नव्हतं. तिथली बोली कँटनीज, पण लाइनीवर सगळे मँडरिन बोलायचे, कारण दुसरी सामायिक भाषाच नव्हती.

माझं काम बाहेरून दिसायला अगदी कंटाळवाणं. पाच हजार नगांचा लॉट असेल तर आयएसओच्या तक्त्याप्रमाणे त्यातले दोनशे नग काढायचे. पेट्या कुठल्या उघडायच्या ते मी सांगायचं, कारखान्यानं नाही. ठळक दोषांची मर्यादा अडीच धरली असेल तर दोनशेत दहा दोषी नगांपर्यंत माल पास, अकरावा सापडला की अख्खा लॉट नापास. बाहेरचं प्लॅस्टिक, सील, लेबल, वजन, चिप प्रिंटरला ओळखू येते का, हे आधी. मग काही नग प्रत्यक्ष प्रिंटरात घालून छपाई. एचपीच्या जुन्या ‘१२ ए’ला दोन हजार पानं, ‘८८ ए’ला दीड हजार. पेटी ठरावीक उंचीवरून एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहा बाजूंवर पाडून आतला माल शाबूत राहतो का, तेही बघायचं. आपल्याकडच्या डीलरची तक्रार मात्र नेहमी तीनच वाक्यांत यायची: रेघ येते, बॅकग्राउंड येतं, पावडर गळते.

यातल्या रेघेचं मूळ बहुतेक वेळा वायपर ब्लेडमध्ये असतं. छापून झाल्यावर ड्रमवर जी थोडी पूड उरते, ती खरवडून काढणारी ही रबराची पट्टी. ती केसभर वाकडी बसली किंवा तिच्या कडेला धुळीचा कण राहिला की प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत काळी रेघ. ती पट्टी बसवायचं काम हातानं होतं. निळी टोपी घातलेल्या बायका स्टुलावर रांगेनं बसलेल्या, समोर पट्टा सरकतोय, प्रत्येकीच्या वाट्याला एकच हालचाल. स्क्रू, ब्लेड, ड्रम, पिन, झाकण. पूड भरायची खोली वेगळी, बंद, तिथे मास्क. हिवाळा सरताना दक्षिणेकडून दमट वारं सुरू झालं की झुहाईत भिंतींना, फरशीला अक्षरशः घाम फुटतो. त्या दिवसांत पुडीच्या खोलीत ओलावा शोषणारी यंत्रं रात्रंदिवस चालायची, नाहीतर पुडीच्या गुठळ्या. असा ओला माल जुलैत भिवंडीच्या गोदामात येऊन पडला तर काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून त्या खोलीचा ओलाव्याचा काटा मी सगळ्यात आधी बघायचे.

बारा वाजता घंटा व्हायची. कँटीनमध्ये भात, दोन भाज्या, एखादं मांस, पातळ सूप. साडेबारापर्यंत जेवणं उरकलेली. मग ऑफिसमधले दिवे बंद व्हायचे, पडदे ओढले जायचे, टेबलांखालून घडीच्या खाटा बाहेर निघायच्या, आणि सेल्सच्या पोरीपासून हिशेबनिसापर्यंत सगळे आडवे. फोन वाजला तरी कुणी उचलायचं नाही. खाली लाइनीवर खाटा नव्हत्या. बायका समोरच्या पट्ट्यावरच हाताची उशी करून डोकं टेकायच्या, काही जणी खोक्याचा पुठ्ठा उलगडून जमिनीवर. अडीचशे माणसांचा कारखाना तासभर इतका गप्प व्हायचा की वरच्या मजल्यावरचा पंखा ऐकू यायचा. सुरुवातीला मी त्या तासात नमुन्यांच्या खोलीत बसून रिपोर्ट लिहायचे. पुढच्या खेपेला माझ्यासाठीही एक खाट आणून ठेवलेली होती, वर चादर, कोपऱ्यावर चिकटपट्टीनं माझं नाव.

मी हे भारतात आल्यावर सांगितलं की सगळे हसायचे, किती सुखी लोक म्हणायचे. मलाही काही काळ तसंच वाटलं. पण ती दुपारची झोप सकाळी आठपासून रात्री नऊ-दहापर्यंत चालणाऱ्या दिवसाच्या मधोमध होती. पहिल्या पाळीनंतर संध्याकाळी तासाभराची जेवणाची सुट्टी आणि मग ओव्हरटाइम. ज्या वेळी किनाऱ्यावर नाच सुरू व्हायचा, त्या वेळी नानपिंगमधल्या खिडक्यांत ट्यूबलाइटा पेटलेल्या असायच्या.

हा ओव्हरटाइम सगळ्यात जास्त कधी असायचा, हे मला तारखेनिशी माहीत होतं, कारण त्या तारखा आम्हीच पाठवत होतो. आपल्याकडे सरकारी खात्यांचं, महामंडळांचं, बँकांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. उरलेलं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये खर्ची टाकायचं, मग स्टेशनरी, कागद आणि कार्ट्रिज यांच्या ऑर्डरी एकदम सुटतात. डीलरला माल फेब्रुवारीच्या आत हातात हवा. झुहाईहून न्हावा शेवाला यायला जहाजाचे दोन-तीन आठवडे, वर कस्टम्स, वर भिवंडी. आणि नेमकं मध्येच चिनी नववर्ष. ते कधी जानेवारीच्या अखेरीला, कधी फेब्रुवारीच्या मध्यात. तेव्हा कारखाने आठवड्यांसाठी बंद पडतात, माणसं गावी जातात, आणि परतल्यावर निम्म्या जागांवर नवी माणसं बसलेली असतात. नव्या हातांनी बसवलेल्या वायपर ब्लेडचा भरवसा नसतो. म्हणून आमचा मार्चअखेरचा सगळा माल डिसेंबर आणि जानेवारीत कोंबलेला असायचा. शेठचा रोज फोन. “मॅडम, माल सुटला का?”

एका डिसेंबरात माल सोडण्यासारखा नव्हता. दोनशेत रेघेचेच नग मर्यादेच्या पुढे गेले. प्रत्येक कार्ट्रिजवर तारीख आणि पाळीचा एक छोटा कोड छापलेला असतो. दोषी नग वेगळे काढून मी त्यांचे कोड एका कागदावर मांडले, तेव्हा बहुतेक रात्रीच्या ओव्हरटाइममधले निघाले. सुपरवायझरनं कोड बघितले, मान हलवली आणि सगळा लॉट पुन्हा छाननीला लावला. छाननी म्हणजे पेट्या फोडायच्या, एकेक नग तपासायचा, ब्लेड बदलायची, पुन्हा सील, पुन्हा पेटी. हे काम कुणी करायचं, तर ज्यांच्या हातून दोष झाला त्याच बायकांनी, आणि कधी, तर रोजच्या कामानंतर. मी नियमाला धरून माल अडवला आणि त्याचं मोल रात्री उशिरापर्यंत त्यांच्याच झोपेतून वसूल झालं.

त्या रात्री मीही थांबले. चाचणीच्या प्रिंटरवर बसणारी एक बाई होती, तिशी उलटलेली, ग्वांगशीची. तिची माझी ओळख कागदाच्या गठ्ठ्यांमधून झालेली. मी तिला फोनवरच्या अनुवादाच्या ॲपमधून विचारलं, एवढं काम कठीण जात असेल ना. तिनं वाचलं, हसली आणि स्वतःच्या फोनवर बोलून माझ्यापुढे धरलं. ओव्हरटाइम नसलेला महिना वाईट, असं लिहिलेलं होतं. नुसत्या मूळ पगारात इथे भागतं, पण गावाला पाठवायला काही उरत नाही. कायद्यानं जादा वेळेला दीडपट, सुट्टीच्या दिवशी दुप्पट, सणाच्या दिवशी तिप्पट मजुरी आहे आणि महिन्याला ३६ तासांची मर्यादाही आहे. मर्यादा तिला माहीत होती, पण तिच्या हिशेबात ती नव्हती. सुपरवायझरही दुसऱ्या दिवशी हेच म्हणाला की ओव्हरटाइम देत नसू तर पोरी शेजारच्या कारखान्यात जातात.

तिचा मुलगा गावी आजीकडे होता. चीनमध्ये माणसाची नोंदणी गावाला बांधलेली असते. शहरात वर्षानुवर्षं राबलं तरी सरकारी शाळेत मुलाला जागा मिळायला घर, विमा, शिक्षण असल्या गोष्टींचे गुण जमवावे लागतात. तिचे जमत नव्हते. झुहाईत येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. समुद्र किती वेळा पाहिलास, असं मी विचारल्यावर तिनं फोनमधला एक फोटो काढून दाखवला. भाऊ आला होता तेव्हाचा, मोती धरलेल्या कोळिणीसमोर दोघं ताठ उभे. किनारा तिथून बसनं जाण्यासारखा होता. दूर होती ती संध्याकाळ.

यानंतर शहराच्या निवांतपणाकडे बघताना मला त्यातली माणसं वेगवेगळी दिसायला लागली. सकाळी बागेत ताइची करणारे, दहा वाजेपर्यंत डिमसमच्या टोपल्या उघडत बसणारे, संध्याकाळी नाचणारे हे बहुतेक निवृत्त, नोंदणी असलेले, स्वतःचं घर असलेले. त्यातले कितीतरी जण याच कारखान्यांमधून, कचेऱ्यांमधून राबून निवांत झालेले असणार, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यांची संध्याकाळ नीटनेटकी ठेवणारी माणसं वेगळी होती. ऑगस्ट २०१७ मध्ये हाटो वादळ झुहाईच्या किनाऱ्यावर थडकलं, शेजारच्या मकावमध्ये दहा माणसं दगावली. त्यानंतर मी गेले तेव्हा समुद्राकाठची झाडं बांबूच्या तिकाट्यांवर पुन्हा उभी केलेली होती, उखडलेला फुटपाथ भरून निघत होता. काम दिव्यांच्या उजेडात चाललेलं. त्या मजुरांचे हेल मला नानपिंगच्या लाइनीवरचेच वाटले.

एका रविवारी मी गोंगबेईची सीमा ओलांडून मकावला गेले. भारतीय पासपोर्टला मकावसाठी व्हिसा लागत नाही, पण चीनचा व्हिसा दुहेरी प्रवेशाचा नसेल तर परत येता येत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. ती सीमा म्हणजे रोज लाखो माणसांची ये-जा. रात्री झुहाईत झोपलेली माणसं सकाळी मकावच्या हॉटेलांत, कॅसिनोत, बांधकामांवर कामाला जातात आणि रात्री परततात, कारण मकावमध्ये भाडं परवडत नाही. मकावची माणसं उलट्या दिशेनं भाजी घ्यायला, केस कापायला, स्वस्त जेवायला येतात. काही जण दुधाची पावडर, सिगारेटी, दारू असा माल पिशव्यांतून थोडा थोडा नेऊन आणून पोट भरतात. मकावच्या जुन्या रस्त्यांवर पिवळ्या भिंती आणि निळ्या फरशांवरची पोर्तुगीज नावं पाहून मला पणजीच्या फोंतेन्यासची आठवण होणं साहजिक होतं. १८४४पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या गव्हर्नरच्या अधिकाराखालीच होता. तिथल्या चकचकाटाच्या शेजारी झुहाई शांत दिसतं, पण मकावचा चकचकाट रोज सकाळी झुहाईतूनच चालत जातो.

मुंबईत परतल्यावर मी शेठपुढे तो कोडांचा कागद ठेवला. मार्चचा माल ऑक्टोबरातच ऑर्डर करू या, म्हटलं. शेठ म्हणाले, “चार महिने पैसा अडकवून ठेवू? व्याज कोण भरणार, तुम्ही?” मी व्याजाच्या शेजारी परत आलेल्या मालाची किंमत मांडली, डीलरना दिलेल्या बदली नगांची मांडली, कारखाना मंदीच्या महिन्यात थोडा भाव कमी करतो तेही मांडलं. माणसांच्या झोपेचा मुद्दा मी काढलाच नाही. तो या कागदावर मांडता येणारा नव्हता. शेठनी हिशेब दोनदा तपासला आणि एकदा करून बघू म्हणाले.

त्या वर्षी आमचा माल नोव्हेंबरातच तयार झाला. दिवसाच्या पाळीत, सवयीच्या हातांनी. रेघेचे नग मर्यादेच्या पुष्कळ आत राहिले. डिसेंबरात एका छोट्या लॉटसाठी मी पुन्हा गेले तर नानपिंगच्या खिडक्या तशाच रात्री दहापर्यंत उजळलेल्या. लाइनीवर स्पॅनिश अक्षरांची खोकी चढत होती, दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या गर्दीची. आम्ही रिकामी केलेली संध्याकाळ कुणीतरी लगेच विकत घेतली होती. चाचणीच्या प्रिंटरवरची ती बाई तिथेच होती आणि खूश होती. महिना चांगला जाणार होता.

त्यामुळे झुहाई निवांत आहे का, असं कुणी विचारलं की मला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. समुद्र, रस्ता, झाडं, मासे, रात्री अकराची निर्धास्त चाल, हे सगळं खरं आहे आणि पुन्हा जायला मिळालं तर मी आनंदानं जाईन. पण त्या शहराची घाई शहरात ठरत नाही. ती कुठल्या तरी दूरच्या मार्चअखेरीत, कुणाच्या तरी उरलेल्या बजेटात ठरते, आणि नानपिंगमध्ये ती पोटासाठी हवीशीही असते. एका ऑर्डरीची तारीख हलवून तो हिशेब बदलत नाही, हे मी बघितलं.

२०२० नंतर जाणं थांबलं. आता तपासणी बाहेरच्या एजन्सीचा माणूस करतो आणि मी मुंबईत बसून व्हिडिओ कॉलवर बघते. फोनच्या कॅमेऱ्यात कार्ट्रिज दिसतं, सील दिसतं, छापलेलं पान दिसतं, लाइनीवर कोण बसलंय ते दिसत नाही. म्हणून रिपोर्टाचा नमुना मी बदलून घेतला आहे. दोषांच्या यादीआधी, पहिल्याच रकान्यात, माल कुठल्या पाळीत आणि किती वाजता बनला ते लिहावं लागतं. एजन्सीच्या माणसाला सुरुवातीला हा जास्तीचा कुटाणा वाटला, आता तो न सांगता भरतो. तो रकाना रात्री नऊच्या पुढचा असला की मी दोनशेऐवजी तीनशे पंधरा नग उघडायला सांगते, आणि शेठचा फोन आला तर माल अजून सुटलेला नाही म्हणते.